सुंदराक्कांची कवळी आणि चौथा उद्गार

“आ करा, आक्का,” डॉक्टर म्हणाले.

सुंदराक्कांनी आ केला.

“आता मिटा. कसं वाटतंय?”

“कृपा हाय,” सुंदराक्का म्हणाल्या.

डॉक्टर निंबाळकरांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. मी दारात उभी होते, एप्रनवर गुलाबी मेणाचे डाग घेऊन.

“कुसुमबाई, कृपा म्हणजे बरोबर बसलंय की चुकलंय?”

“बरोबर बसलंय, सर. आमच्यात तसंच म्हणतात.”

आणि मी हसले. त्या क्षणी कुणीतरी माझ्या पाठीत एक धपाटा घालायला हवा होता. कुणी घातला नाही, म्हणून पुढचं सगळं झालं.

आधी माझं काम सांगते. मी डेंटल मेकॅनिक. माझ्या नातीला बरीच वर्षं वाटायचं, की आजी गॅरेजमध्ये होती. मीही खुलासा केला नाही. शाळेत तिचा भाव वाढत होता. लोकांना वाटतं, दातांचा डॉक्टर दात करतो. डॉक्टर तोंडाचा ठसा घेतो. तो ठसा मागच्या खोलीत येतो आणि तिथं प्लॅस्टरनं हात माखलेलं एक माणूस त्याची कवळी करतं. शाहूपुरीतल्या त्या दवाखान्यात ते माणूस म्हणजे मी.

ठशात प्लॅस्टर ओतून जबड्याचं मॉडेल करायचं. त्यावर मेणाचा कट्टा बांधायचा. तो पेशंटच्या तोंडात घालून डॉक्टर ठरवतात, वरचा आणि खालचा जबडा किती अंतरावर भेटायला हवा. याला आम्ही ‘हाइट’ म्हणायचो. मग मेणात एकेक दात बसवायचा आणि पुन्हा तोंडात घालून बघायचं. ही ट्रायल. शिंपी कच्चे टाके घालून अंगावर बघतो, तशी. मेणातला दात चिमटीनं सरकतो. पण एकदा मेण काढून तिथं ॲक्रिलिक भरलं आणि उकळत्या पाण्यात शिजवलं, की संपलं. मग दात सरकत नाही, कापावा लागतो. म्हणून ट्रायलला पेशंटनं तोंड भरून तक्रार करायची असते. टोचतंय, उचकतंय, मी रेड्यागत दिसतोय, काय वाटेल ते बोलावं. आमचा धंदाच त्या तक्रारीवर चालतो.

आणि सुंदराक्का तक्रार करत नसत. कशाचीच.

त्या आमच्या चर्चच्या मंडळीतल्या जुन्या बायबलबाई. म्हणजे गावोगाव फिरून बायकांना शास्त्रातल्या गोष्टी सांगायच्या, जमेल तिला अक्षर शिकवायचं, बाळंतिणीच्या उशाशी बसायचं. उमेदीची वर्षं त्यांनी नेसरीच्या आसपासच्या गावांत चालून काढली. तिकडं कानडी हवा, म्हणून त्या सगळ्यांच्या ‘आक्का’ झाल्या. नवरा लवकर गेला. एकुलता मुलगा वाढवला, तोही ऐन तिशीत तापानं गेला. नंतर कोल्हापुरात पुतणीकडं राहायला आल्या. कुणीही विचारलं, “आक्का, कसं काय?” की उत्तर एकच. कृपा हाय. मुलाला मातीत ठेवून परत येतानाही हेच म्हणाल्या होत्या, असं लोक सांगत. मला त्याचं केवढं कौतुक! विश्वास असावा तर असा, असं मी महिला मंडळात दोनदा बोलून दाखवलं होतं.

कारण मीही तसलीच होते. आमच्या ह्यांचा टेम्पो होता, इचलकरंजीहून कापडाचे तागे भरून न्यायचे. या कवळीच्या दोन वर्षं आधी गगनबावड्याच्या घाटात तो उलटला. जीव वाचला, उजवा पाय कामातून गेला. टेम्पो विकला. हे घरी बसले, मी दवाखान्यात जास्त वेळ थांबायला लागले. पाठ मोडून यायची. पण रविवारी उपासना सुटली आणि पाळकांनी, म्हणजे पास्टरनी, हात हातात घेऊन विचारलं, “काय कुसुमताई, कसं काय?” की मी मान तिरकी करून, डोळे अर्धे मिटून म्हणायची, “प्रभूची कृपा आहे.” ती तिरकी मान मी आरशात बघून बसवलेली होती. आता आठवलं, की मलाच माझी कीव येते.

ह्यांचं मात्र उलट. सुधाकर हे नाव कुणी ठेवलं देव जाणे, सुधा वगैरे काही नव्हती. तक्रारीत पहिला नंबर. चहा गार, पंखा हळू, पाय ठणकतो. आणि हे सगळं देवाला मोठ्यानं सांगायचे. शेजारी ऐकतील म्हणून मी खिडकी लावून घ्यायची.

“अहो, देवाशी असं बोलतात का?”

“मग कुणाशी बोलू? तू तर कृपेत हायस. पाय माझा दुखतोय.”

तर, कवळीचं निमित्त असं झालं. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, आमच्याकडं दुपारी तीन तास उपासना असते. प्रभू येशूनं वधस्तंभावरून काढलेले सात उद्गार. प्रत्येक उद्गारावर एकेक जण उभा राहून बोलतो. पहिला क्षमेचा, दुसरा चोराला सुखलोकाचं वचन देण्याचा. हे सगळ्यांना हवे असतात. चौथा कुणाला नको असतो. त्यात प्रभू देवाला विचारतो, तू मला का सोडलंस? त्यावर काय बोलणार? त्यामुळं तो दरवर्षी फिरत फिरत, जो नाही म्हणत नाही त्याच्या गळ्यात पडायचा. त्या वर्षी पाळकांनी तो सुंदराक्कांना दिला. आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, त्या दिवशी बाई कधी बोलली नव्हती. आक्का हरखल्या. आणि मग रडवेल्या होऊन माझ्याकडं आल्या, कारण तोंडात एक दात शिल्लक नव्हता. बोलताना निम्मे शब्द वाऱ्यावर जायचे.

“कुसुम, आयुष्यभर बायकांपुढं चुलीजवळ बसून बोललो गं. एकदा देवळात उभं राहून बोलावं वाटतंय. लोकांस्नी कळंल असं.”

(आमच्याकडच्या जुन्या बायका ‘बोलले’ म्हणत नाहीत, ‘बोललो’ म्हणतात. हे वाचून माझ्या पुण्याच्या सुनेनं दुरुस्त करू नये.)

मी म्हटलं, आक्का, हे काम माझं. मी प्रार्थना करून दात लावीन. आणि लावले तसेच. पण प्रार्थनेबरोबर मी आणखी एक शहाणपणा केला. डॉक्टर हाइट घेत होते तेव्हा मी मध्ये तोंड घातलं.

“सर, थोडी वाढवू या ना. गाल भरून येतील. सुरकुत्या जातील. देवळात सगळ्यांसमोर उभ्या राहणार आहेत.”

“वाढवली तर बोलताना अडेल, बाई.”

“थोडीशीच, सर.”

“आक्का, चालंल काय एवढं?”

आक्कांच्या तोंडात मेण. हातानंच आशीर्वाद दिल्यासारखं केलं. डॉक्टरांनाही बाई तरुण दिसली तर बरंच वाटणार होतं. वाढवली.

आता वाचता वाचता एक करून बघा. गप्प बसा, ओठ मिटा. तुमचे वरचे-खालचे दात एकमेकांना टेकलेत? नाहीत ना. गप्प बसलेल्या माणसाच्या दातांत देवानं थोडी मोकळी जागा ठेवलीय. जबड्याला तिथं विसावा मिळतो. ती जागा मी आक्कांच्या सुरकुत्या घालवण्यासाठी खाऊन टाकली होती.

ट्रायलला आक्का म्हणाल्या, कृपा हाय. मी भाषांतर केलं, बरोबर बसलंय. कवळी शिजली. घासून, पुसून, चकाचक पॉलिश करून आक्कांच्या तोंडात गेली. काय दिसत होत्या! गाल भरले, सुरकुत्या गेल्या, दात म्हशीच्या दुधासारखे. मी पुतणीला आरसा आणायला लावला.

“आक्का, कसं वाटतंय?”

आक्कांनी आरशात बघितलं. बराच वेळ बघितलं. “कृ-पा हाय,” म्हणाल्या. मध्ये कुठंतरी ‘खट्’ असा आवाज आला. मी तो ऐकला नाही. म्हणजे ऐकला, पण कौतुकाच्या भरात मनावर घेतला नाही.

दोन दिवसांनी तपासायला बोलावलं. डॉक्टरांनी हिरड्या बघितल्या. कुठं लाल नाही, कुठं फोड नाही. “फस्क्लास,” म्हणाले. आक्का काही बोलल्या नाहीत. उत्तम शुक्रवारच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी देवळात भेटल्या, तेव्हाही बोलल्या नाहीत. नुसत्या मान हलवायच्या. एरवी ही बाई देवळाच्या पायरीपासून फाटकापर्यंत जायला अर्धा तास लावायची, इतकं बोलायची. मी बायकांना कुजबुजत सांगितलं, “आक्कांनी मौन धरलंय. उत्तम शुक्रवारची तयारी.” बायकांनी पदर डोक्यावर ओढले. दोघीतिघी तर त्यांच्या पाया पडल्या.

त्या दुपारी मी आक्कांना घरी जेवायला आणलं. ह्यांनी रस्सा केला होता. पाय गेल्यापासून स्वयंपाक त्यांच्याकडं होता आणि तिखटाबाबत ते कुणावर दयामाया करत नसत. ताटं वाढली. आक्कांनी हात पुढं केला नाही.

“उ-पास,” म्हणाल्या.

“बघा,” मी ह्यांना म्हटलं, “शिका जरा.”

“रविवारी कसला उपास?” हे म्हणाले. “लेंतच्या उपासाच्या दिवसांतबी रविवारी उपास धरत न्हाईत. बायबलबाईनं मला सांगायचं का मी बायबलबाईला?”

आक्कांनी मान खाली घातली. मला ह्यांचा राग आला. म्हटलं, प्रार्थना करा आणि जेवा गप. ह्यांनी डोळे मिटले.

“देवा, अन्नासाठी आभार. मीठ जरा कमी पडलंय, ती चूक माझी हाय, तुझ्यावर ढकलत न्हाय. पर पायाचं काय झालं? दोन वर्षं झाली सांगतोय. मी काय तुला धावाय पाहिजे असं म्हटलं न्हाय. कोपऱ्यावरच्या पानपट्टीपातुर गेलो तरी बास हाय. तंबाखू सोडली हाय, नुसतं बसाय जातो. आन् हिला बायकू म्हणून दिलास त्याबद्दल आभारच हायत, पर हिला जरा माणसात आण. आमेन.”

मी डोळे उघडले ते लाजेनं. आणि पाहते तर आक्कांचं अंग हलत होतं. आधी वाटलं रडतायत. त्या हसत होत्या. ओठ आवळून, पदर तोंडावर दाबून हसत होत्या. हसू पदरात मावेना. शेवटी फुटलं, आणि खट्-खट् आवाज करत खालची कवळी तोंडातून निसटून सरळ रश्श्याच्या वाटीत पडली.

तांबड्या तवंगात माझे दुधासारखे दात माझ्याकडं बघून हसत होते.

“लई दुखतंय रं, सुधाकर,” आक्का म्हणाल्या. आणि मग खरंच रडायला लागल्या.

जे बाहेर आलं, ते नुसतं दातांचं नव्हतं, पण सुरुवात दातांपासून झाली. जबडा कानापर्यंत ठणकत होता. बोललं, की फरशीवर घोडा चालल्यासारखं वाजायचं. ओठ मिटत नव्हते. घरी कवळी काढून फडक्यात गुंडाळून ठेवायच्या आणि दवाखान्यात किंवा देवळात येताना तेवढी घालायच्या. म्हणून हिरडीवर फोड नव्हता. मौनही नव्हतं.

“आक्का, मग सांगितलं का नाही?” मी जवळजवळ ओरडलेच.

“तू प्रार्थना करून केलीस म्हणालीस की गं. प्रार्थनेच्या दातांस्नी नावं कशी ठिवू?”

“प्रार्थना हिनं केली,” हे म्हणाले, “उंचीबी हिनंच वाढवली. देवाचा त्यात काय संबंध न्हाय.”

मी आतमध्ये गेले आणि कवळी नळाखाली धुतली. पुष्कळ वेळ धुतली. बाहेर आले, तेव्हा आक्का तोंडात दात नसताना भाकरी रश्श्यात कुस्करून खात होत्या आणि ह्यांना सांगत होत्या, की त्यांचा मुलगा कसा रस्सा करायचा. मुलाबद्दल त्यांना बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. इतक्या वर्षांत मी विचारलंही नव्हतं. उत्तर ठरलेलं असलं, की माणूस प्रश्न विचारायचा सोडतो.

सोमवारी सकाळी डॉक्टरांपुढं उभी राहिले.

“सर, आक्कांची कवळी परत करायची.”

“का? परवा तर फस्क्लास होती.”

“हाइट जास्त झालीय.”

“वाढवायला कुणी सांगितलं हुतं?”

“मी.”

“मग कापायचीबी तुम्हीच. कवा पाहिजे?”

“शुक्रवारच्या आत.”

डॉक्टरांनी चष्मा काढला. “बाई, तुमच्या देवाला सांगा, माझी ओपीडी फुल्ल हाय. आन् उद्यापास्नं दुपारची लाईट जाणार हाय, बोर्डानं सांगितलंय. पॉलिश कशावर करणार? जात्यावर?”

“जमवते, सर.”

“बोलवा त्यांना.”

आक्का आल्या, खुर्चीत बसल्या. डॉक्टर स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसले. “आक्का, कसं वाटतंय?”

“कृ—” आक्का म्हणाल्या आणि माझ्याकडं बघून थांबल्या.

“हे बघा आक्का,” डॉक्टर म्हणाले, “मी काय तुमच्या धर्मातलं न्हाय, मला कृपेतलं कळत न्हाय. पर पेशंटमधलं कळतंय. ज्याचा माझ्यावर भरवसा असतोय, तो येऊन माझ्या टाळक्यावर बसतोय, भांडतोय, डाक्टर हे काय करून ठेवलंसा म्हणतोय. ज्याचा न्हाय, तो ‘छान हाय’ म्हणून जातोय ते परत येतच न्हाय. दुसऱ्याकडं जातोय. तुम्ही कुठल्यातल्या?”

आक्का विचारात पडल्या. मग पदर खोचला आणि सुरू झाल्या. कान, जबडा, घोड्याच्या टापा, ओठ, लाळ. डॉक्टर मान डोलावत ऐकत होते, एखाद्याला गाणं आवडावं तसे. पुन्हा मेणाचा कट्टा आत गेला. या वेळी मी खोलीच्या बाहेर. डॉक्टरांनीच काढलं, “तुम्ही दारात नको.”

हाइट बरोबर आहे का, हे बोलण्यावरून कळतं. ‘स’ म्हणताना दात एकमेकांच्या अगदी जवळ येतात, पण भिडायला नकोत. म्हणून पेशंटला साठ, एकसष्ट, बासष्ट असं मोजायला लावतात. बाहेर बाकावर बसून मी ऐकत होते. सदुसष्टला एक ‘खट्’ आला. डॉक्टरांनी मेण खरवडलं. पुन्हा साठपासून. अडुसष्ट, एकोणसत्तर, सत्तर. आवाज नाही.

खालच्या कवळीचे सगळे दात मी कापून काढले. एवढ्या मायेनं बसवलेले दात कापताना हात जड होतो, पण चूक मेणात असताना सापडली नाही, की करवत लागते. वरचे पुढचे दातही आखूड केले. बुधवारी नवी ट्रायल.

“आक्का, बघा आरशात. काही असेल तर सांगा.”

“लई पांढरं हायत,” आक्का म्हणाल्या. “ह्या वयात नवरीचं दात. लोकं प्रभूकडं बघायचं सोडून माझ्या तोंडाकडं बघतील.”

“आक्का, तो रंग मी मुद्दाम—”

“कुसुमबाई,” डॉक्टर म्हणाले, “रंग बदला.”

बदलला. वरचे पुढचे सहाही काढून जरा पिवळट झाक असलेले घातले. मग आक्का म्हणाल्या, डावीकडचा एक जरा वाकडा कर, माझा तसाच हुता. केला. मग म्हणाल्या, जीभ इथं अडतीया. ती जागा पातळ केली. डॉक्टर मला कोपऱ्यात घेऊन हळूच म्हणाले, “बाई, आक्कांचं तोंड एकदम एवढं उघडायची गरज नव्हती ओ.”

ॲक्रिलिक गॅसवर शिजवलं, त्याला लाईट लागत नाही. पॉलिशला लागते. गुरुवारी दुपारी लाईट गेली ती गेलीच. मग खडूची पूड आणि फ्लॅनेलचं फडकं घेऊन मी हातानं घासत बसले. घरी नेऊन घासलं, तर हेही पाय पसरून बसले आणि खालची कवळी घासायला घेतली. घासताना अर्थातच खांदा दुखतो म्हणून देवाला सांगत होते. मी खिडकी लावायला उठले. पुन्हा बसले. म्हटलं, जाऊ दे, ऐकू दे शेजाऱ्यांना. संध्याकाळी प्रभूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीची उपासना असते, तिच्याआधी कवळी आक्कांच्या हातात दिली. त्या रात्रभर घालून झोपणार होत्या, सवय व्हावी म्हणून.

शुक्रवारी देऊळ गच्च भरलं होतं. पंखे होते, पण नावाला. पहिले तीन उद्गार झाले, त्यातला दुसरा फार लांबला. बोलणारे गृहस्थ चोराला सुखलोकात पोचवेपर्यंत लहान मुलं झोपली. मग पाळकांनी नाव घेतलं आणि आक्का उठल्या. मी तिसऱ्या बाकावर, नखं खात. मागं वळून पाहिलं तर शेवटच्या बाकावर आमचे हे कुबडी घेऊन बसलेले, रिक्षानं आले होते. आणि त्यांच्या शेजारी, बूट बाहेर काढावेत की नाही हे न कळून एकच बूट काढलेले, डॉक्टर निंबाळकर.

आक्का बोलल्या त्या अशा. मला पाठ आहे.

“ह्यो चवथा उद्गार कुणाला नगं असतोय. मलाबी नगं हुता. पास्टरनी दिला, मी म्हटलं, कृपा हाय. सवय. माझा पोरगा गेला तवाबी मी हेच म्हटलं. लोकांस्नी म्हटलं, देवालाबी म्हटलं. देवापुढं मी शहाण्या पावण्यावानी बसलो. पाणी नगं, चा नगं, समदं बरं हाय. असा पावणा परत येत न्हाय त्या घरात.

“परवा ह्या दातांचं डाक्टर मला म्हणालं, ज्याचा भरवसा असतोय त्योच येऊन भांडतोय. मी घरी जाऊन ह्यो उद्गार परत वाचला. प्रभू मरणाच्या दारात बापाला इचारतोय, मला का सोडलंस. पर इचारताना हाक काय मारतोय बगा. ‘माझ्या देवा’ म्हणतोय. समदं सुटलं, हात सुटलं, शिष्य सुटलं, त्यो ‘माझ्या’ सुटला न्हाय.

“मग मी त्या राती देवाला इचारलं. माझा पोरगा का न्हेलास? इतक्या वर्सांनी इचारलं. उत्तर आलं न्हाय. खोटं कशाला बोलू देवळात? पर त्यो उठून गेला न्हाय. माझ्याजवळ बसून ऐकत हुता. एवढं मला कळलं. आन् ते मला बास झालं.”

आणि बसल्या. सगळ्या भाषणात एकदाही ‘खट्’ झालं नाही. पाळक पुढचं गीत सांगायचं विसरले.

उपासना सुटल्यावर डॉक्टर मला फाटकाजवळ भेटले. डोळे लाल होते. रुमाल खिशात कोंबत म्हणाले, “‘स’ चांगला आलाय.” आणि एक बूट हातात घेऊनच गेले.

ईस्टरला उपासना सुटल्यावर पाळक नेहमीप्रमाणं दारात उभे होते. “सलाम, कुसुमताई, कसं काय?” असं म्हणून, माझं उत्तर ठाऊक असल्यानं, त्यांनी हात पुढच्या माणसाकडं वळवलासुद्धा. मी म्हटलं, “बरं नाही, पास्टर. माझी पाठ मोडलीय, ह्यांचा पाय हलत नाही, पायाच्या व्यायामाला दवाखान्यात न्यायला कुणी नाही आणि मला फार कंटाळा आलाय.” त्यांचा हात हवेत राहिला. मग ते परत आले. खरोखरच परत आले, रांग थांबवून. “दोन वर्षांत बोलला नाहीत,” म्हणाले.

मंगळवारपासून मंडळीतली माणसं आळीपाळीनं ह्यांना व्यायामाला न्यायला लागली. पाळकांची बायको डबा पाठवायला लागली. तिच्या आमटीला मीठ जास्त असतं, अशी तक्रार ह्यांनी देवाकडं नोंदवली. पाय पूर्वीसारखा झाला नाही. पण दिवाळीच्या सुमाराला हे काठी टेकत कोपऱ्यावरच्या पानपट्टीपर्यंत गेले, नुसते बसायला. मागितलं होतं तेवढंच आणि बरोबर तेवढंच मिळालं. त्यावरही परत येऊन म्हणाले, जरा लांबचं मागायला पाहिजे हुतं.

आणि ईस्टरनंतरच्या सोमवारीच, दवाखाना उघडायच्या आधी, पायरीवर सुंदराक्का बसलेल्या.

“काय आक्का?”

“वरच्या अंगाला जरा टोचतंय. खालची जांभई देताना हलतीया. आन् डाव्या बाजूनं शेंगदाणा चावत न्हाय. आन् तुमच्या बाकाचा पाय मोडलाय, त्यो बी बघा.”

त्या महिन्यात त्या इतक्या वेळा आल्या, की डॉक्टर त्यांना दारात बघितलं की आत पळायचे. एकदा मला म्हणाले, “कुसुमबाई, ती तुमची जुनी कृपा आक्कांना परत शिकवता येती का बघा की जरा.”

नाही शिकवली. त्या पिवळट, एका बाजूला वाकड्या दातांनी आक्का पुढं बरीच वर्षं बोलल्या, हसल्या, शेंगदाणे खाल्ले. मीही नंतर शेकड्यांनी कवळ्या केल्या आणि ट्रायलला प्रत्येकाला दोनदा विचारलं. ‘छान आहे’ म्हणणाऱ्याला तीनदा.

धंद्यातून एवढंच शिकले. देवाला न सांगताही कळतं, तरी त्याला सांगावं. दातवालीला सांगितल्याशिवाय कळत नाही, तेव्हा तिला आधी सांगावं. मेणात असतानाच.